जिंकलेले हात तपासताना

आमच्या घरात पत्ते येत नाहीत असं माणूस नाही. गणपतीत जागरणाला मेंढीकोट, दिवाळीत तीन पत्ती, मे महिन्यात भाचरं आली की बदाम सात आणि पाच-तीन-दोन. सासूबाई मेंढीकोटला बसल्या की कुठली दश्शी कोणाकडे अडकलीय हे तिसऱ्या-चौथ्या हातालाच ओळखतात आणि ती काढल्याशिवाय चहाला उठत नाहीत. अशा घरातल्या बाईला पोकरमध्ये काही शिकायचं असतं हे पटणं अवघडच. मला तर ते बरीच वर्षं पटलं नाही.

2020 च्या टाळेबंदीत ऐरोलीच्या मामेभावाने ॲपची लिंक पाठवली. तेव्हा माझ्यासारखे नवखे टेबलावर खच्चून भरलेले होते. नियम त्याने फोनवर दहा मिनिटांत सांगितले. प्रत्येकाला दोन पत्ते झाकलेले, मध्ये सगळ्यांचे मिळून पाच उघडे. त्यातले आधी तीन येतात तो फ्लॉप, मग चौथा टर्न, पाचवा रिव्हर. सातांतले उत्तम पाच ज्याचे, पैसे त्याचे. मी म्हटलं, हे तर तीन पत्तीचंच मोठं भावंड.

त्या समजुतीचा पहिला फटका मजेशीर होता. टेबलावर तीन बदाम उघडे पडलेले, माझा सिक्वेन्स लागलेला, आणि समोरच्याने सगळे चिप्स पुढे सरकवले. त्याच्याकडे कलर असणार हे मला दिसत होतं. पण तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर. मी आनंदाने कॉल केला, म्हणजे त्याने लावले तेवढे मीही लावले, आणि पैसे त्याच्याकडे गेले. ॲपमध्ये बिघाड आहे असं सांगायला मी मामेभावाला फोन केला.

तो हसून म्हणाला, "ताई, इथे कलर मोठा."

कारण साधं मोजणीचं आहे. तीन पत्त्यांचे एकूण 22,100 हात होतात. त्यांत नुसता कलर 1,096 वेळा येतो आणि सिक्वेन्स 720 वेळा, म्हणून सिक्वेन्स दुर्मीळ आणि मोठा. पाच पत्त्यांचे हात होतात 25,98,960. त्यांत सिक्वेन्स 10,200 आणि कलर 5,108. सगळं उलटं. हे मी त्या रात्रीच वाचलं आणि पाठ केलं. पण त्याच मोजणीतली जास्त महागात पडणारी गोष्ट मात्र पुढची काही वर्षं लक्षात आली नाही. तीन पत्तीत चारांतले जवळजवळ तीन हात जोडीशिवायचे असतात, म्हणून हातात एक्का असला की छाती फुगवून बसता येतं. पोकरमध्ये सात पत्त्यांतून पाच निवडायचे असल्यामुळे शेवटपर्यंत जोडीही लागली नाही असं शंभरात साधारण सतरा वेळाच होतं. नुसत्या एक्क्याला तिथे कोणी विचारत नाही. मी मात्र एक्का दिसला की आत. सोबत नव्वी असो नाहीतर तिर्री.

राहायला आम्ही चरईत, नोकरी रबाळे एमआयडीसीत. पितळी फिटिंग्ज बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर आणि प्लग गेज. एक बाजू आत गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये, यात तडजोड नाही. लाइनवरची पोरं माझ्यामागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. पण ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडली, लेडीज डब्यात खिडकीजवळ जागा मिळाली की तीच मी एका हाताने डबा सांभाळत दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कॉल, कॉल, कॉल करत असायची. प्रवास जेमतेम पंधरा मिनिटांचा. तेवढ्यात जितके हात होतील तितके उरकायचे म्हणून दोन टेबलं उघडायची. ॲपमध्ये "कॉल एनी" नावाची एक सोय होती. आधीच खूण करून ठेवायची. समोरचा कितीही लावो, आपला कॉल आपोआप जाणार. रेंज मध्येच गेली तर हात वाया जाऊ नये म्हणून मी ती खूण करून ठेवत असे. पैसे संपले की ॲपने आपणहून पुन्हा भरावेत अशीही खूण केलेली होती. एखाद्या ऑपरेटरने मशिन असं सोडून दिलं असतं तर मी त्याला मेमो दिला असता.

मी खेळायची ते एक-दोन रुपयांचं टेबल. म्हणजे ब्लाइंड, पत्ते बघायच्या आधीच दोघांना घालावे लागणारे पैसे, एक आणि दोन रुपये. बसायला दोनशे लागायचे. रक्कम लहान, म्हणून कोणाला काही सांगायची गरज वाटायची नाही. ओव्हरटाइमचे पैसे होते, घरखर्चाला हात लागत नव्हता. आणि मोठा हात जिंकला की त्याचा स्क्रीनशॉट मामेभावाला जायचा. तिकडून अंगठा यायचा. फोनमध्ये अशा स्क्रीनशॉटचा अल्बमच झाला होता. माझ्या हिशोबाने मी जिंकणारी खेळाडू होते, पुरावा अल्बममध्ये होता.

1 ऑक्टोबर 2023 पासून ऑनलाइन खेळात भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी लागू झाला. म्हणजे हजार रुपये भरले की त्यातले 218 रुपये 75 पैसे कर. मी वापरायची त्या ॲपने तेवढी रक्कम बोनस म्हणून परत द्यायला सुरुवात केली, पण पावतीवर आकडा दिसायचाच. जिंकलेल्या निव्वळ रकमेवर 30 टक्के टीडीएस त्याच वर्षी एप्रिलपासून सुरू झाला होता. तो मला फारसा जाणवला नव्हता, आणि का जाणवला नव्हता याचा विचार मी करायला हवा होता. कराची पावती बघून मी पहिल्यांदा बँकेचं स्टेटमेंट काढलं. दोनशे, पाचशे, दोनशे, दोनशे, पाचशे. जाणाऱ्या ओळी पानभर. येणारी ओळ शोधावी लागत होती. शिवाय प्रत्येक पॉटमधून, म्हणजे मध्ये जमलेल्या पैशांतून, ॲप आपला वाटा कापून घ्यायचं, तो रेक. तो तर स्टेटमेंटमध्ये दिसायचाही नाही.

मग रविवारी दुपारी ऐरोलीला मामाकडे जाऊन मामेभावासमोर बसायचं सुरू केलं. ॲपमध्ये हँड हिस्ट्री असते. प्रत्येक हात पत्त्यांसकट, पैशांसकट, वेळेसकट नोंदलेला. मी हरलेले मोठे हात काढून त्याला दाखवायची. माझ्याकडे दोन राजे, समोर दोन एक्के. माझा कलर, समोर मोठा कलर. त्याचं उत्तर ठरलेलं. "यात तू काही करू शकत नव्हतीस गं ताई. नशीब." मामी पोहे आणायची, मी समाधानाने परत यायची. असे पुष्कळ रविवार गेले. स्टेटमेंट होतं तसंच राहिलं.

त्याच सुमारास कारखान्यात ग्राहकाकडून ऑडिट आलं. मी रिजेक्शनच्या फायली नीट लावून ठेवल्या होत्या. कुठला लॉट का परत पाठवला, कारण काय, पुढे काय केलं, सगळं सह्यांसकट. आलेल्या गृहस्थांनी त्या फायली न उघडताच बाजूला सारल्या आणि म्हणाले, "मॅडम, हे तुम्हाला सापडलेलंच आहे. पास केलेल्या लॉटचे रिपोर्ट द्या." आणि त्यातले कुठलेही काढून स्टोअरमधला माल परत मोजायला लावला. पास म्हणून शिक्का मारलेल्या एका डब्यात त्यांना आखूड आटे निघालेले नग मिळाले. ते बाहेर गेले असते तर कोणाला कळलं नसतं, कारण गळती लगेच होत नाही.

संध्याकाळी गाडीत बसले, सवयीने ॲप उघडलं, आणि खेळायच्या ऐवजी अल्बम उघडला.

दुसऱ्या दिवशी गावदेवीजवळून दोनशे पानी आडवं रजिस्टर घेतलं. रकाने कारखान्यातल्यासारखेच आखले: तारीख, वेळ, माझे पत्ते, माझी जागा, आत का गेले, फ्लॉपला काय विचार, टर्नला काय विचार. निकालाचा रकाना शेवटी, आणि तो भरायचा सगळ्यात नंतर. अडचण अशी की जिंकलेला हात आपल्याला पाठ असतो. रिव्हरला नव्वी येणार हे माहीत असताना टर्नचा विचार प्रामाणिकपणे लिहिताच येत नाही. सगळंच आधी ठरवून केल्यासारखं वाटायला लागतं. म्हणून नवऱ्याला धरलं. त्याला पोकर येत नाही, तेच सोयीचं होतं. जुने, महिना उलटलेले हात तो त्याच्या मनाने निवडायचा, पत्ते आणि रकमा वाचायचा, आणि मी "थांब" म्हटल्याशिवाय पुढचा पत्ता सांगायचा नाही.

त्यातला एक हात सांगते, कारण तो माझ्या अल्बममध्ये पहिल्या ओळीत होता.

माझ्याकडे इस्पिकचा एक्का आणि चौकटची नव्वी. सहा जणांच्या टेबलावर पहिली चाल माझी. म्हणजे माझ्यामागे पाचही जण बोलायचे बाकी. मी दोन रुपये घालून आत गेलेली. डीलरच्या बटणावरच्या, म्हणजे फ्लॉपनंतर शेवटी बोलणाऱ्या, माणसाने दहा केले, बाकीचे गेले, मी कॉल केला. ब्लाइंडचे तीन धरून पॉट तेवीस.

नवरा वाचत होता, "बदामचा एक्का, किलवरचा गुलाम, किलवरची तिर्री. तू चेक. तो पंधरा."

"कॉल," मी म्हटलं. चेक म्हणजे पैसे न लावता चाल पुढे देणं. तिथपर्यंत ठीक होतं.

"त्रेपन्न झाले. इस्पिकची सत्ती. तू चेक. तो पस्तीस लावतोय."

मी रजिस्टरकडे बघत बसले. शेवटी बोलायच्या जागेवरून आधी रेज केलेला, म्हणजे रक्कम वाढवलेला, माणूस टेबलावर एक्का पडलेला असताना तिसऱ्यांदा पैसे लावतोय. त्याच्याकडे एक्का असेल तर सोबतचा पत्ता नव्वीपेक्षा मोठा असणार, राजा किंवा राणी. एक्का नसेल तर याहून काहीतरी चांगलं. नव्वी घेऊन मी कोणाच्या पुढे आहे?

"फोल्ड. पत्ते टाकायचे."

"पण तू कॉल केलायस."

"पुढे?"

"किलवरची नव्वी. तू ऑल-इन, एकशे चाळीस. त्याने कॉल केला. त्याच्याकडे एक्का-राणी. तू जिंकलीस, पॉट चारशे तीन."

हे मला आठवत होतं. एक्के आणि नव्व्या, दोन जोड्या. काय धाडसाने पैसे लावले होते. टर्नला मला वाचवणारे पत्ते होते तीन, उरलेल्या नव्व्या. न दिसलेले पत्ते चव्वेचाळीस. साधारण पंधरांत एकदा होणारी गोष्ट झाली आणि मी तिचा फोटो काढून ठेवला. पण नवऱ्याने पुढे जे विचारलं ते मला अल्बममध्ये बघूनही कधी दिसलं नव्हतं.

"किलवर तीन झाले ना गं? मग कलर नाही का होत कोणाचा?"

होतो. टेबलावर तिसरं किलवर पडलं होतं आणि माझ्या हातात एकही किलवर नव्हतं. मी त्यावर सगळे पैसे लावले होते, कारण मला फक्त नव्वी दिसली होती. रजिस्टरमधला वेळेचा रकाना भरताना त्याचंही कारण कळलं. सकाळी 8.47. म्हणजे मी दिघा गाव आणि ऐरोलीच्या मध्ये कुठेतरी, उतरायच्या गडबडीत, दाराकडे सरकत असणार.

असे महिनाभर रोज दोन-तीन हात. सासूबाई सुरुवातीला जपमाळ घेऊन नुसत्या ऐकायच्या. मग माळ बाजूला राहिली. त्यांना ऑल-इन कळलं नाही, पण चाल कोणाची आधी हे लगेच कळलं. एकदा म्हणाल्या, "सगळ्यांच्या आधी बोलायचं असताना हलका पत्ता घेऊन कशाला बोलतेस? शेवटी बोलणाऱ्याला सगळ्यांचं ऐकून घेता येतं." पोकरवर लिहिणारे लोक यासाठी पानंच्या पानं खर्च करतात.

रजिस्टरमधून जे बाहेर पडलं ते मला आवडलं नाही. अल्बममधले निम्म्याहून जास्त हात असे होते की ते पुन्हा माझ्याकडे आले तर मी खेळणार नाही. हरलेले हात बऱ्याच अंशी बरोबर खेळलेले होते, हे मामेभावाचं म्हणणं खरंच होतं. मोठे पैसे जातात तेव्हा माणूस निदान स्क्रीनकडे बघत असतो. मुरलेला निष्काळजीपणा सगळा जिंकलेल्या बाजूला साठला होता. तो कोणी तपासला नव्हता, उलट त्याला अंगठे मिळाले होते. आणि त्याच सवयीने रोज दहा-वीस रुपयांच्या चिल्लर हातांत गळती चालू होती. त्या हातांचे स्क्रीनशॉट कोण काढतो?

एक खोड तर गणिताची होती आणि गणिताचा मला अभिमान. टेबलावर दोन बदाम, हातात दोन बदाम, एक बदाम आला की कलर. फ्लॉपनंतर अजून दोन पत्ते यायचे असतात तेव्हा तो लागण्याची शक्यता साधारण 35 टक्के. हा आकडा मी कुठेतरी वाचून डोक्यात ठेवला होता आणि टर्न होऊन गेल्यावरही तोच वापरत होते. तेव्हा एकच पत्ता उरलेला असतो. नऊ बदाम, न दिसलेले सेहेचाळीस. म्हणजे पाचांत एकदाच. पॉटमध्ये साठ असताना समोरच्याने साठ लावले, तर मला एकशे वीस मिळवायला साठ घालायचे आहेत. तिनांत एकदा तरी जिंकले तर ते परवडतं. पाचांत एकदा जिंकून परवडत नाही. पण जेव्हा बदाम यायचा तेव्हा इतकं छान वाटायचं की न आलेले चार वेळा विसरायला व्हायचे.

हरल्यावर डोकं फिरून वाटेल तसं खेळण्याला पोकरवाले टिल्ट म्हणतात. त्याबद्दल सगळे सावध करतात. माझी नोंदवही वेगळंच सांगत होती. माझं डोकं फिरायचं जिंकल्यावर. चारशेचा पॉट आला की पुढचे वीस-पंचवीस हात मी राणीच्या थाटात सगळेच खेळायची, हलकेसुद्धा, कारण "आज पत्ते माझ्या बाजूने आहेत". पत्त्यांना बाजू नसते हे मेंढीकोट खेळणाऱ्या घरात कोणी मान्य करणार नाही, तो भाग वेगळा.

सुधारणा म्हणाल तर त्यात थोर काही नव्हतं. सगळ्या आपोआपच्या खुणा काढून टाकल्या. गाडीत ॲप उघडणं बंद. सुरुवातीला फारच जड गेलं, मग मी चक्क डब्यातल्या बायकांशी बोलायला लागले. एकच टेबल. कॉलचं बटण दाबायच्या आधी कारण तोंडाने म्हणायचं, निदान पुटपुटायचं. हा नियम माझा मीच शोधला आणि तोच सगळ्यात उपयोगी पडला. "बघूया काय होतं" हे कारण तोंडाने म्हणताना लाज वाटते. "याच्याकडे एक्का असणार, माझी जोडी लहान, पण सेट लागला तर सगळे पैसे मिळतील, आणि कॉल स्वस्त आहे" हे म्हणता येतं. लहान जोडी घेऊन फ्लॉपला तिसरा तसाच पत्ता मिळणं, म्हणजे सेट लागणं, साधारण साडेआठांत एकदा होतं, त्यामुळे "स्वस्त आहे" हे खरं आहे का तेही म्हणताना तपासावं लागतं.

स्वयंपाकघरातून नवरा विचारायचा, "कोणाशी बोलतेस?"

खेळ भयंकर कंटाळवाणा झाला. ॲपमध्ये एक आकडा दिसतो, आपण शंभरांतल्या किती हातांत आपणहून पैसे घालतो तो. माझा चाळीसच्या वर होता. सहा जणांच्या टेबलावर शिस्तीचे खेळाडू वीस ते पंचवीसच्या आसपास असतात. तो तिथे आणायचा म्हणजे पाचांतल्या चार वेळा पत्ते बघून खाली ठेवायचे आणि दुसऱ्यांचा खेळ बघत बसायचं. पण बघत बसल्यावर दिसायला लागलं. अमुक माणूस कधीच रेज करत नाही, केलं तर पळावं. तमुक रात्री अकरानंतर वाटेल ते खेळतो. मी चार वर्षं माणसांबरोबर खेळत होते आणि मला माणसं दिसली नव्हती.

नंतर जे झालं त्याबद्दल मात्र रजिस्टर काही करू शकलं नाही. चार-पाच महिने आकडे सुधारत गेले. स्टेटमेंटमधल्या जाणाऱ्या ओळी कमी झाल्या, येणाऱ्या दिसायला लागल्या. आणि मला वाटलं, झालं. आता मी तपासून खेळणारी झाले. मग एक-दोन रुपयांच्या टेबलावर का बसायचं? पाच-दहाच्या टेबलावर गेले. तिथे बसायला हजार लागायचे. माझ्या खेळासाठी बाजूला ठेवलेले होते तीन-साडेतीन हजार. मामेभावाने आधीपासून सांगितलं होतं की ज्या टेबलावर बसायचं तिथल्या वीस-तीस बैठकींचे पैसे बाजूला असल्याशिवाय बसू नये. कारण बरोबर खेळूनही सलग हरण्याचे दिवस येतात. ते मला पाठ होतं. पण मला वाटलं, हा नियम निष्काळजी लोकांसाठी आहे.

तिथे एका रात्री दोन एक्के आले. 221 हातांत एकदा येतात. समोरच्याकडे दोन राजे. फ्लॉपच्या आधीच सगळे पैसे मध्ये. एक्के अशा वेळी शंभरात एक्क्याऐंशी-ब्याऐंशी वेळा जिंकतात. तिसरा राजा टर्नला पडला. हा हात मी रजिस्टरमध्ये लिहिला आणि प्रत्येक रकान्यात बरोबर अशी खूण केली. खरोखरच त्यात बदलण्यासारखं काही नव्हतं. पण माझ्या पुंजीचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका हातात गेला. आणि राहिलेले दोन हजार वाचवायला म्हणून मी जे घाबरत घाबरत खेळले त्यात तेही गेले. हातात सगळं बरोबर होतं. बसण्याची जागा चुकली होती, आणि बसण्याच्या जागेसाठी मी रकानाच आखला नव्हता.

तो आता आहे. पहिल्या पानावर, तारखेच्याही आधी: "कुठे बसले, का बसले, किती शिल्लक."

परत एक-दोनवर आले. त्यात अपमान वाटला हे खरं. मामेभाऊ काही बोलला नाही, फक्त विचारलं, "रजिस्टर चालू आहे ना ताई?"

2025 च्या ऑगस्टमध्ये हे सगळं एकदम थांबलं. ऑनलाइन गेमिंगचं विधेयक 20 तारखेला लोकसभेत, 21 ला राज्यसभेत मंजूर झालं आणि 22 ला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. पोकर कौशल्याचा की जुगार हा वाद इतकी वर्षं कोर्टाकोर्टांतून चालला होता, या कायद्याने तो बाजूलाच ठेवला. शिक्षा खेळ चालवणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही. आमच्या ॲपनेही पैशांची टेबलं बंद केली. माझी शिल्लक मी काढून घेतली. सगळी वर्षं धरून मी तोट्यातच होते. शेवटच्या वर्षापुरतं बघितलं तर किंचित वर, आणि तो आकडा इतका लहान आहे की त्यावर काही सिद्ध होत नाही. कायदा बरा की वाईट यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. शेजारच्या सोसायटीतल्या एका घराची या ॲपपायी झालेली दशा बघितल्यावर मी माझं मत मोठ्याने सांगत नाही.

आता रविवारी रात्री आम्ही फुकटच्या चिप्सवर खेळतो. मामेभाऊ, त्याचे दोन मित्र, मी, आणि कधीकधी नवरा, ज्याला माझे हात वाचून वाचून खेळ आला. फुकट चिप्सच्या उघड्या टेबलांवर काही राम नसतो. तिथे दर दुसरा माणूस ऑल-इन जातो, कारण जायला काही लागत नाही. म्हणून आमचं टेबल आमच्यापुरतं, आणि अट अशी की शेवटी प्रत्येकाने आपला सगळ्यात मोठा जिंकलेला हात वाचून दाखवायचा, कारणांसकट. हरलेला नाही. मामेभावाला ही अट अजिबात आवडत नाही. मागच्या खेपेला त्याने दोन तिर्र्या घेऊन सगळ्यांचे चिप्स नेले आणि टर्नचं कारण विचारल्यावर "फील आला" म्हणाला. सासूबाईंनी आतून विचारलं, "म्हणजे काय आला?"

माझं सगळं जमलंय असं नाही. स्मॉल ब्लाइंडला, म्हणजे लहान ब्लाइंड घालायच्या जागेवर, बसले की अर्धे पैसे आधीच गेलेत असं वाटतं आणि उरलेले अर्धे घालून आत जायचा मोह सुटत नाही. तिथे मला फ्लॉपनंतर दर वेळी पहिलं बोलावं लागतं, हे माहीत असूनही. परवाच किलवरची छक्की आणि बदामची सत्ती घेऊन गेले, फ्लॉपला दोन जोड्या लागल्या, सगळ्यांचे चिप्स आले. वाचून दाखवायची वेळ आली तेव्हा "आत का गेले" या रकान्यात माझ्याच अक्षरात एक शब्द होता: कंटाळा.